परवचा ऐकणारा कोण?

मराठीत 'उजळणी' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. शिकलेले पुन्हा एकवार आठवून पाहणे हा त्याचा एक अर्थ. अक्षरे, अंक आणि पाढे ज्यात छापलेले असत त्या चिमुकल्या पुस्तिकेलाही लोक 'उजळणी'च म्हणत, हा दुसरा. काळवंडलेले पितळी भांडे चिंचेने घासून लख्ख करतात, त्याला आपण उजळणे म्हणतो. तेच क्रियापद विद्येला लावणाऱ्या आपल्या पूर्वजांना, विद्येवरही काळाची पुटे चढतात, हे पक्के ठाऊक असले पाहिजे. दिवेलागणीला घरातील मुलांकडून ही उजळणी मोठ्याने म्हणवून घेतली जाई. तिचे नाव 'परवचा'. हे जुने शब्द आज आठवण्यास एक साधा प्रसंग कारण झाला.

गेल्या पावसाळ्यात धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या गृहभेटीला गेलो होतो. यजमान पंचेचाळिशीचे. चहा होईपर्यंत त्यांनी मोठ्या उत्साहाने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर त्यांच्या लहानपणीचे मराठीचे क्रमिक पुस्तक होते. तेच मुखपृष्ठ, तीच चित्रे. त्यांनी एक धडा मोठ्याने वाचावयास घेतला आणि दोन-तीन ओळींतच त्यांचा आवाज बदलला. शाळकरी मुलाचा हेल त्यात उतरला. त्याच कोचाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची दहावीतली मुलगी कानांत इअरफोन घालून बसली होती. तीही मोबाइलवर अभ्यासच करीत होती. विज्ञानाच्या पुस्तकातील क्यूआर कोड टिपून उघडलेला भिंगांवरचा पाठ तिच्यापुढे चालू होता. "उजळणी झाली का?" मी विचारले. "हो फादर, तीनदा पाहिला," ती म्हणाली. "मग मला सांग बरं, चष्म्याचं भिंग नेमकं काय करतं?" ती गोरीमोरी झाली. थोडे थांबून म्हणाली, "पाहत होते तेव्हा सगळं कळलं होतं, फादर."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु 'तीनदा पाहिला' हे शब्द माझ्या मनातून जाईनात. आमच्या पिढीत पाढा 'म्हटला' जाई, कविता 'म्हणून दाखवली' जाई. उजळणी पाहण्याची गोष्ट केव्हा झाली? आणि वडिलांना जुन्या धड्यात एवढे काय गवसले की ते त्यांच्या मुलीला नव्या पाठात गवसू नये? मोबाइल वाईट, पुस्तक चांगले, असा सोपा निवाडा येथे चालणार नाही. कारण बाप आणि लेक दोघांच्याही हाती मोबाइलच होता, आणि दोघेही एकाच घराच्या दोन दारांशी बसले होते. ते घर म्हणजे बालभारती. म्हणून एखाद्या ग्रंथाचे परीक्षण करावे तसे या दोन्ही दारांचे, आणि त्यांच्या आसपास भरलेल्या शैक्षणिक खेळांच्या जत्रेचे, परीक्षण करून पाहण्याचे मी ठरविले.

प्रथम जुन्या पुस्तकांचे दार. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, अर्थात बालभारती, पुण्यात २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाले. मराठीतील कोणत्याही लोकप्रिय कादंबरीला लाभले नसतील इतके वाचक या मंडळाच्या पुस्तकांना लाभले. गडचिरोलीच्या जंगलातील आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील मूल एकाच वर्षी एकच कविता पाठ करीत होते; जातपात, धर्म आणि बोली यांनी विभागलेल्या समाजाला ही एक सामाईक आठवण मिळाली. आज ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर चालू पुस्तकांबरोबर जुनी पुस्तकेही विनामूल्य पाहावयास मिळतात. नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तेथे आहेत. शासकीय संस्था आपला जुना कागद सहसा रद्दीत घालतात. या संस्थेने तो जपला आणि सर्वांसाठी खुला केला, याबद्दल तिचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे. बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यांत हात काळे करूनही जे हाती लागत नसे, ते आता घरबसल्या मिळते.

तथापि या दारातून आत जाणारे बहुतेक प्रौढ असतात, आणि ते तेथे शिकण्यासाठी जात नाहीत. ते स्वतःला भेटावयास जातात. यात गैर काही नाही. परंतु या भेटीत एक धोका असतो. आपल्या बालपणी जे होते ते केवळ आपले होते म्हणून उत्तम होते, असे आपण समजू लागतो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' याबरोबर 'वीस एक' अशा संख्यावाचनाचा पर्याय देण्यात आला, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला! भाषा बुडाली, अशी ओरड झाली. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगितले की, जोडाक्षरांनी भरलेली आणि एकक आधी बोलणारी आपली संख्यानामे लहान मुलांना अवघड जातात व त्यातून गणिताची भीती बसते. 'त्रेसष्ट' ऐकून मूल छत्तीस लिहिते, हे ज्याने खालच्या वर्गांत शिकवले आहे त्याला निराळे सांगावयास नको. आमच्या बस्तीत घरी हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणारी मुले मराठी शाळेत जातात; त्यांची तर दुहेरी पंचाईत. त्या वादात आवाज चढवणाऱ्यांपैकी कितीजणांनी दुसरीतल्या मुलाला विचारले असेल? नारळीकरबाई २०२३ साली निवर्तल्या. त्यांचा उपाय बरोबर होता की नाही यावर मतभेद असू शकतील. परंतु प्रश्न त्यांनी मुलाच्या बाजूने पाहिला होता, आणि टीकाकारांनी स्वतःच्या आठवणीच्या बाजूने. त्याच वर्षीच्या दुसरीच्या पुस्तकांत घरकामात आईबरोबर वडीलही सहभागी असल्याची चित्रे आली. आमच्या पुस्तकांतली आई बहुधा चुलीपाशीच असे, हे जुनी पाने उलटताना कितीजणांच्या ध्यानात येते?

आता नवे दार. केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले; पुढे आपल्या पाठ्यपुस्तकांत पाठाच्या आरंभी क्यूआर कोड छापले जाऊ लागले आणि तो टिपताच त्या पाठाची चित्रफीत व सरावप्रश्न समोर येऊ लागले. हेतू उदात्त आहे. दुर्गम खेड्यातील विद्यार्थ्यालाही चांगला शिक्षक ऐकता यावा, ही इच्छा कोणीही उचलून धरील. कित्येक चित्रफिती खरोखर चांगल्या आहेत. आमच्या वेळी फळ्यावर खडूने काढलेले हृदय स्थिर असे, येथे ते धडधडताना दिसते. शिकवण्यासाठी हे साधन उपकारक आहे, हे प्रथम मान्य करून मगच माझा आक्षेप मांडतो. शिकवणे आणि उजळणी या दोन भिन्न क्रिया आहेत, याचा विसर या साऱ्या रचनेत पडलेला दिसतो. चित्रफीत मुलाला पुन्हा शिकवते, पुन्हा पुन्हा शिकवते. मुलाकडून काही काढून घेत नाही. भांडे घासणारा हात दुसऱ्याचाच राहतो. सरावप्रश्न आहेत, परंतु ते बहुधा पर्यायी उत्तरांचे. चार उत्तरे समोर उभी असतात आणि त्यांतून खरे ओळखावयाचे असते. ओळखणे आणि आठवणे यांत फार अंतर आहे. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखूनही त्याचे नाव आठवू नये, हा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे. परीक्षेत नाव लिहावे लागते.

ही केवळ म्हाताऱ्या धर्मगुरूची कुरकुर नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवून दिले की, शिकलेले आपण आरंभी फार झपाट्याने विसरतो आणि नंतर संथपणे. मधूनमधून केलेली उजळणी ही गळती रोखते. पुढे २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास दिले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. यातील मर्माची गोष्ट अशी की, आपल्याला चांगले आठवेल असा विश्वास पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक वाटत होता. 'पाहत होते तेव्हा सगळं कळलं होतं' असे म्हणणारी ती मुलगी मला येथे भेटली.

आमच्या परवच्याने हे शास्त्र न शिकता आचरले होते. युरोपातही ते आचरले जात होते. येशूसंघीयांची 'रात्सिओ स्तुदिओरुम' ही शिक्षणसंहिता १५९९ साली निश्चित झाली. सेमिनरीत असताना तिची ओळख झाली तेव्हा ती मला रूक्ष नियमावली वाटली होती. आता तिच्यातील शहाणपण जाणवते. रोज आदल्या दिवसाची उजळणी, शनिवारी सबंध आठवड्याची. पाठांतर ऐकून घेण्यासाठी विद्यार्थ्यांतूनच ऐकणारे नेमले जात. त्यांना रोमन सैन्यातील दहांच्या नायकाचे नाव दिले होते. वर्गाचे दोन तट पाडीत, एक रोमचा आणि एक कार्थेजचा, आणि प्रत्येकाला पलीकडच्या तटात एक प्रतिस्पर्धी असे. त्याची चूक सुधारली की गुण मिळे. त्या काळचा हा शैक्षणिक खेळच होय. आपल्या पंतोजींच्या शाळेतही थोरला मुलगा धाकट्याचे पाढे घेई. मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी देशी शाळांतील अशीच रीत उचलली आणि १७९७ साली पुस्तक लिहून ती इंग्लंडात नेली. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीत रचलेली ख्रिस्ती शिकवण १६२२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रायतूर येथे छापली गेली, तीही प्रश्नोत्तररूपच आहे. भाषा, धर्म आणि देश भिन्न; परंतु एक गोष्ट सर्वत्र समान दिसते. म्हणणाऱ्यासमोर एक ऐकणारा होता. नव्या संकेतस्थळांनी शिकवणारा जागोजागी पोहोचवला आणि ऐकणारा मात्र काढून टाकला, हे माझे प्रमुख गाऱ्हाणे आहे.

खेळांच्या बाबतीत हीच कथा निराळ्या रंगाने घडली आहे. नागपूरचा उन्हाळा इतका कडक की विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. ती लांबलचक सुट्टी आम्ही वाळ्याच्या कूलरपुढे पालथे पडून काढली. नाव-गाव-फळ-फूल, भेंड्या आणि व्यापार. 'व्यापार'मध्ये जो बँक सांभाळी त्याचे गणित जूनपर्यंत हमखास सुधारलेले असे; आणि 'नाव-गाव'मध्ये लिहिलेले गाव खरोखर आहे की नाही यावर भांडण जुंपले की घरातील नकाशा भिंतीवरून खाली येई. शिकणे या भांडणात होते. कागदपेन्सिल हे निमित्त. याहून जुना मासला हवा असेल तर मोक्षपट पाहावा. परंपरा तो संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. त्याच्या घरांना नावे होती; शिडी सद्गुणावरून चढे, साप दुर्गुणावरून गिळे. कवडी पडली की घराचे नाव वाचावे लागे, आणि वाचले की आजोबांना त्यावर चार शब्द बोलल्यावाचून राहवत नसे. हाच खेळ इंग्लंडात जाऊन सापशिडी झाला आणि आकड्यांचा होऊन परत आला. आज मोबाइलवरील सापशिडीत फासाही यंत्रच टाकते. मुलाने फक्त बोट टेकवावयाचे. नाव गेले, वाचणे गेले, बोलणे गेले. साप तेवढा उरला.

परदेशातही जुन्या शैक्षणिक खेळांची ओढ प्रौढांना लागलेली आहे. 'ओरेगन ट्रेल' हा खेळ १९७१ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तीन तरुण शिक्षकांनी इतिहासाच्या वर्गासाठी तयार केला. पडदासुद्धा नव्हता; टाइपरायटरसारख्या यंत्रातून कागदावर मजकूर उमटे. पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबाने बैलांवर किती खर्च करावा, धान्यावर किती, हे मुलांनी ठरवावयाचे. एक यंत्र आणि भोवती मुलांचा घोळका. त्यामुळे प्रत्येक निर्णयाआधी चर्चा. पुढे तो चित्रमय झाला आणि दोन पिढ्यांच्या बालपणाचा भाग बनला. २०१५ साली इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने त्याची जुनी आवृत्ती सर्वांना खेळण्यासाठी खुली केली, तेव्हा चाळिशीची माणसे त्यावर तुटून पडली. खेळात दोषही आहेत. ज्या मूलनिवासींच्या भूमीतून ती गाडी जाते त्यांच्या बाजूने तो कधी पाहत नाही. आणि आज तो एकट्याने खेळणाऱ्या माणसाला सारे काही परत मिळते, घोळका तेवढा मिळत नाही.

या खेळांचे आयुष्यही किती अल्प! ॲडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी 'फ्लॅश' या तंत्राचा आधार काढून घेतला आणि संकेतस्थळांवरील असंख्य लहान शैक्षणिक खेळ मुके झाले. स्वयंसेवकांनी व जतन करणाऱ्या संस्थांनी त्यांतील पुष्कळ वाचवले, हे खरे. परंतु शिक्षकांनी वर्षानुवर्षे जमवलेले दुवे व्यर्थ गेले. आपल्याकडे १९८४ साली पुण्यात स्थापन झालेली बालचित्रवाणी २०१७ साली बंद करण्यात आली. दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहून वाढलेले आज आईबाप झाले आहेत. माळ्यावरच्या पेटीतला व्यापाराचा पट मात्र, सोंगट्या हरवल्या तरी, करवंदाच्या बिया ठेवून आजही खेळता येतो.

या साऱ्या पसाऱ्यात एक कृती मला आदर्शवत वाटली, आणि तिचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. करोनाच्या साथीत शाळा बंद असताना जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारून ती तयार केली होती. तिला इंटरनेट लागत नव्हते, ही पहिली जमेची बाजू. दुसरी आणि अधिक महत्त्वाची अशी की, तिने वर्ग आणि फळा टाळून घर, अंगण आणि घरातील माणसे यांनाच पाठाचा भाग केले. मूल पाहून थांबत नव्हते. उठून काहीतरी करीत होते आणि कोणाला तरी विचारीत होते. पडदा वापरूनही पडद्याबाहेर जाता येते, याचा तो पुरावा होता.

आता माझ्याच विरुद्ध साक्ष देणे भाग आहे. परवच्याची थोरवी गाताना मला एक मुलगा आठवतो. आम्ही चौथीत एका वर्गात होतो. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तो अडखळत बोले. रोज पाढे म्हणावयास उभे करीत, तो सातापाशी अडे, गुरुजींची छडी वाजे आणि वर्ग हसे. मीही हसत असे. माझे पाढे चोख होते. शिकवणीतील उत्तरेही मी घडाघडा म्हणत असे आणि त्यांतील निम्म्यांचा अर्थ मला पुढे सेमिनरीत गेल्यावर कळला. तो मुलगा दिवाळीनंतर शाळेत आला नाही. वीटभट्टीवर जाऊ लागल्याचे कोणीतरी सांगितले. जुन्या पुस्तकांच्या त्या रम्य दालनात त्याचे पान कोठेही नाही, आणि जुना धडा वाचताना गहिवरणाऱ्या आम्हा कोणालाही तो आठवत नाही. यंत्र हसत नाही, मारत नाही, दहा वेळा चुकले तरी कंटाळत नाही. त्या मुलाला असे यंत्र मिळाले असते तर? हा प्रश्न मी टाळू शकत नाही. ऐकणारा हवा असे म्हणणाऱ्याने, कसा ऐकणारा, हेही सांगितले पाहिजे.

दुसरा आक्षेप गरिबीचा. वस्तीतील आई चार घरची धुणीभांडी करून रात्री आठला परतते. तिला अक्षर येत नाही. ती कसली उजळणी घेणार? तिच्या मुलाला मोबाइलवाचून शिक्षक कोण? हा आक्षेप बिनतोड वाटतो खरा. परंतु माझी परवचा ऐकणारी माझी आजी निरक्षर होती. दशमान पद्धत येऊन पुष्कळ वर्षे लोटली होती, तरी पावकी आणि निमकी सोडावयास ती तयार नव्हती. तांदूळ निवडीत ती ऐकत बसे. एकोणतिसाच्या पाढ्यात मी चुकलो की तिचा हात थांबे. तिला आकडा ठाऊक असे असे नाही. आवाज डळमळला हे तिला कळे. "परत म्हण," एवढेच ती म्हणे. तिने मला कधी मारले नाही, आणि चुकीचे उत्तर बरोबर म्हणून कधी सोडलेही नाही. ऐकणाऱ्याला विषय यावा लागत नाही. त्याला समोरच्या मुलाची किंमत असावी लागते. दुरुस्ती करण्याचे काम पुस्तक किंवा मोबाइल चोख करील. 'परत म्हण' हे म्हणण्याचे काम घराचे.

मला वाटते, वडील जुन्या धड्यात जे शोधत होते ते यातलेच काही असावे. त्या धड्यात वाङ्मयीन गुण बेताचेच होते; समीक्षक म्हणून ते मला कबूल केले पाहिजे. परंतु तो धडा त्यांनी कोणासमोर तरी म्हटला होता. ते ऐकणारे आता नाही आणि त्याची उणीव भासते. मुलीकडे पाठ उत्तम आहे, पण तिच्याकडून तो कोणी ऐकलेलाच नाही. म्हणून तीस वर्षांनी तिला त्याची आठवण यावी असे त्यात काही नाही.

बालभारतीच्या चालकांना एक सूचना करावीशी वाटते. तिला एक रुपयाही खर्च नाही. प्रत्येक चित्रफितीच्या शेवटी पडदा काळा करावा आणि एकच वाक्य लिहावे: आता मोबाइल खाली ठेव आणि हे कोणाला तरी सांग. पर्यायी उत्तरांच्या आधी, पर्याय न दाखवता, मुलाला उत्तर मोठ्याने म्हणावयास अर्धे मिनिट द्यावे. आणि जुन्या पुस्तकांच्या दालनाच्या दारावर आम्हा प्रौढांसाठी एक पाटी लावावी की, येथून निघताना घरातील मुलाचा आजचा पाठ ऐकून घ्यावा.

आमच्या धर्मग्रामात आम्ही सायंकाळचा एक तास सुरू केला आहे. दोन वर्षांपूर्वी देणगीदारांच्या साहाय्याने अभ्यासिकेत टॅब्लेट आणले होते आणि मला त्याचा मोठा अभिमान होता. खोली भरलेली असे आणि पूर्ण शांत असे. त्या शांततेला मी एकाग्रता समजत होतो. आता पहिला अर्धा तास पडदा आणि दुसरा अर्धा तास जोडीने सांगणे. ऐकावयास निवृत्त परिचारिका येतात, रिक्षाचालक येतात, दोन आज्या येतात. गोंगाट होतो. कोणी अडखळले तर हसावयाचे नाही, एवढा एकच नियम फळ्यावर लिहिला आहे. याने निकाल किती वाढला, हे मी सांगणार नाही. इतक्या लवकर ते कळतही नाही.

परवा त्या घरी पुन्हा गेलो होतो. मुलगी वडिलांना भिंग समजावून देत होती. त्यांनी आपला चष्मा काढून तिच्या हाती दिला होता, आणि ती तो दिव्यासमोर धरून भिंतीवर उजेडाचा ठिपका पाडू पाहत होती. तो पडत नव्हता. "अहो बाबा, तुमचा नंबर लांबचं न दिसण्याचा आहे का? मग हे अंतर्वक्र. यातून ठिपका पडणारच नाही!" ती एकदम ओरडली. वडिलांना पुरते समजले होते असे मला वाटले नाही. ते म्हणाले, "परत सांग."